तासिकेबाहेरची शाळा

केरळमध्ये एक सुवर्णचषक आहे. त्याचे वजन ११७.५ पवन. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम, हा हिशेब बँकेच्या वाचकांना वेगळा सांगावयास नको. त्यानुसार चषकातील सोने ९४० ग्रॅम भरते. वर्षाचा बहुतेक काळ हा चषक सरकारी कोषागारात कडेकोट बंदोबस्तात असतो आणि कलोत्सवाच्या दिवसांत तो लोकांच्या दृष्टीस पडतो. इतक्या मोलाचा चषक एखाद्या व्यावसायिक क्रीडास्पर्धेसाठी असावा, असे कोणासही वाटेल. परंतु तो आहे शाळकरी मुलामुलींसाठी. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, निबंध लिहिणाऱ्या आणि चेंडा वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज ज्या जिल्ह्याची सर्वाधिक, त्या जिल्ह्याला हा फिरता चषक मिळतो.

जानेवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम येथे झालेल्या कलोत्सवात त्रिशूर जिल्ह्याने १००८ गुण मिळविले, तर पालक्काड जिल्ह्याने १००७. केवळ एका गुणाच्या फरकाने, १९९९ नंतर प्रथमच, चषक त्रिशूरला गेला. अभ्यासेतर उपक्रमांना संपूर्ण राज्याने इतके गांभीर्याने घेतल्याचे उदाहरण आपल्या देशात विरळाच म्हणावे लागेल. म्हणूनच केरळच्या माध्यमिक शाळांतील कलोत्सव आणि विद्यार्थी मंडळे यांच्याकडे थोडे बारकाईने पाहणे उद्बोधक ठरेल. त्यात अनुकरण करण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध व्हावे असेही काही आहे.

राज्याच्या जन्माबरोबरच

केरळ राज्याची स्थापना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच जानेवारी १९५७ मध्ये एर्नाकुलम येथील एका शाळेत राज्यातील पहिला शालेय युवक महोत्सव भरला. तत्कालीन शिक्षण संचालक डॉ. सी. एस. वेंकटेश्वरन यांनी दिल्लीतील आंतरविद्यापीठ युवक महोत्सव पाहिला होता आणि तसाच उपक्रम शाळकरी मुलांसाठी असावा, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली होती. पहिला महोत्सव अगदी आटोपशीर होता. आज तोच कलोत्सव पाच दिवस चालतो. २०२५ मध्ये त्यात २४९ स्पर्धाप्रकार होते आणि ते पंचवीस रंगमंचांवर पार पडले.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, शास्त्रीय गायनात पहिला आलेला एक विद्यार्थी आणि मृदंगवादनात पहिला आलेला दुसरा विद्यार्थी एकाच मंचावर बसले. गाणारा मुलगा म्हणजे के. जे. येशुदास आणि मृदंगावर साथ करणारा मुलगा म्हणजे पी. जयचंद्रन. दोघेही पुढे मल्याळम संगीतसृष्टीचे आधारस्तंभ ठरले. त्या दोन किशोरांचे कृष्णधवल छायाचित्र केरळमध्ये आजही आवर्जून दाखविले जाते. जयचंद्रन यांचे निधन ९ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या कलोत्सवाची सांगता झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी झाले.

अर्थात, कलोत्सवातून प्रत्येक वेळी येशुदास निर्माण होत नाहीत आणि तसा त्याचा हेतूही नाही. या उपक्रमाचे खरे बळ त्याच्या रचनेत आहे. स्पर्धेची पहिली पायरी स्वतःच्या शाळेत, दुसरी उपजिल्ह्यात, तिसरी जिल्ह्यात आणि चौथी राज्य पातळीवर असते. राज्य पातळीवर काही हजार विद्यार्थी पोहोचतात, पण पहिल्या पायरीवर उभ्या राहणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट असते. आपल्याकडील वार्षिक स्नेहसंमेलन शाळेच्या पटांगणात सुरू होते आणि तेथेच संपते. केरळमध्ये त्या पटांगणातून राज्याच्या राजधानीपर्यंत जाणारी एक वाट आखून दिलेली आहे, हाच काय तो फरक.

परंपरेचे जतन, नकळत

कलोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नजर टाकली तरी केरळच्या सांस्कृतिक इतिहासाची उजळणी होते. कथकळी, ओट्टन्तुळ्ळल, चाक्यार कूत्तु आणि कूडियाट्टम हे अभिजात प्रकार त्यात आहेत. ख्रिस्ती समाजातील मार्गंकळी व चविट्टुनाटकम, मुस्लिम समाजातील ओप्पना, कोल्कळी व दफ्मुट्टु हे प्रकारही आहेत. कथा आणि गायन यांची सांगड घालणारे कथाप्रसंगम पाहताना मराठी माणसाला आपल्या कीर्तनाची आठवण व्हावी. संस्कृत आणि अरबी भाषांतील साहित्य व कला यांचे स्वतंत्र उत्सव याच काळात होतात.

यातील काही प्रकारांना सभागृहे आणि तिकीटविक्री यांच्या आधारावर तग धरणे कठीण गेले असते. परंतु शाळेतील दहा-बारा मुलींना दरवर्षी मार्गंकळी बसवायची असते, म्हणून कोणी जाणकार शिक्षक शोधला जातो. त्याला काम मिळते, आणि ती कला पुढच्या पिढीच्या पायांत उतरते. ज्या घरात ती कला पूर्वी कधी नव्हती, त्या घरातील मुलगीही ती शिकते. वेगवेगळ्या धर्मांच्या मैत्रिणी एकाच ओप्पनाच्या चमूत टाळ्यांचा ताल धरतात. सामाजिक सलोख्याचे धडे पाठ्यपुस्तकात असतातच, पण ते अंगवळणी पडतात ते अशा सरावाच्या वेळी.

तरीही या पत्रिकेत एक मोठी उणीव बराच काळ राहून गेली होती. राज्यातील आदिवासी समाजांच्या कलांना तिच्यात जागा नव्हती. ही उणीव २०२५ मध्ये काही अंशी भरून निघाली. त्या वर्षी मंगलंकळी, पणियनृत्यम, इरुळनृत्यम, पळियनृत्यम आणि मलपुलयाट्टम हे पाच आदिवासी नृत्यप्रकार प्रथमच स्पर्धेत समाविष्ट झाले. वायनाड, अट्टप्पाडी किंवा इडुक्कीच्या डोंगराळ भागातील मुलांना जे नृत्य घरी आणि पाड्यावर पाहून येत होते, त्याला राज्याच्या मंचावर मान मिळाला. पहिल्या महोत्सवापासून येथपर्यंत पोहोचण्यास ६८ वर्षे लागली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

सोन्याची दुसरी बाजू

जेथे प्रतिष्ठा आहे तेथे चढाओढ येते आणि चढाओढ आली की खर्च येतो. भरतनाट्यम, मोहिनीआट्टम, कुचिपुडी यांसारख्या वैयक्तिक नृत्यप्रकारांत उतरावयाचे म्हणजे गुरूंचे मानधन, वेशभूषा, दागिने, रंगभूषा, साथीदार आणि प्रवास अशी खर्चाची भली मोठी यादी असते. सामूहिक प्रकारांत ती यादी चमूतील मुलांच्या संख्येने गुणावी लागते. ज्या कुटुंबाला हे परवडते त्याची मुलगी झगमगत मंचावर येते, आणि ज्याला परवडत नाही त्यातील मुलीने कितीही रियाझ केला असला, तरी तिला एक पायरी खाली उभे राहून सुरुवात करावी लागते. काही पालक त्यासाठी कर्ज काढतात. कलेची परीक्षा पाहता पाहता ती खिशाची परीक्षा कधी झाली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याला आणखी एक कारण जोडले गेले. कलोत्सवातील यशाबद्दल शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. कलेच्या कष्टाची दखल अभ्यासातही घेतली जावी, हा त्यामागील उद्देश रास्तच होता. परंतु त्यामुळे काही घरांत कला हे साध्य न राहता साधन झाले. निकाल मान्य नसल्यास अनामत रक्कम भरून अपील करता येते. अशा अपिलांची संख्या वाढत गेली आणि प्रकरणे न्यायालयांपर्यंत पोहोचली. पंधरा वर्षांच्या मुलाला पराभव पचविण्यास शिकविण्याऐवजी वकील गाठावयास शिकविले जात असेल, तर त्या उपक्रमाने काय साधले, हा प्रश्न केरळमधील शिक्षकांनी आणि विचारवंतांनी वेळोवेळी विचारला आहे.

या प्रश्नाकडे शासनाने डोळेझाक केली नाही, हे नमूद करावयास हवे. सर्वाधिक वैयक्तिक गुण मिळविणाऱ्या मुलीला 'कलातिलकम' आणि मुलाला 'कलाप्रतिभा' हे किताब १९८६ पासून दिले जात. त्यांच्यासाठी चाललेली जीवघेणी स्पर्धा पाहून, सुमारे वीस वर्षांनंतर ते बंद करण्यात आले आणि क्रमांकांऐवजी श्रेणी देण्यावर भर देण्यात आला. २०१८ च्या महापुरानंतर आलप्पुळ येथील कलोत्सव अवघ्या तीन दिवसांत, डामडौल टाळून पार पडला. मंचाची सजावट कमी झाली म्हणून कोणाचे गाणे बेसूर झाले नाही. साधेपणाने हा उत्सव होऊ शकतो, याचा तो चांगला वस्तुपाठ होता.

चषकाविना चालणारी मंडळे

कलोत्सवाचे दिवस पाच, पण शाळेचे दिवस दोनशेच्या आसपास. त्या उरलेल्या दिवसांत जे चालते ते अधिक शांत आणि कदाचित अधिक मोलाचे असते. केरळच्या शाळांत 'विद्यारंगम' हे कला-साहित्य मंडळ असते. विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्रे यांची स्वतंत्र मंडळे असतात. ग्रंथालय चळवळीचे प्रणेते पी. एन. पणिक्कर यांच्या स्मृत्यर्थ १९ जून हा वाचन दिन म्हणून पाळला जातो. पणिक्करांनी १९४५ मध्ये ४७ ग्रामीण ग्रंथालयांना एकत्र आणून संघ उभारला होता. शाळा जूनमध्ये उघडतात आणि महिना संपण्यापूर्वीच मुलांच्या हाती अवांतर पुस्तक पडते, ही योजकता दाद देण्याजोगी आहे.

२०१० मध्ये केरळ पोलिसांच्या पुढाकाराने 'स्टुडंट पोलीस कॅडेट' हा उपक्रम सुरू झाला. कवायत, कायद्याची ओळख, वाहतुकीचे नियम, व्यसनांपासून दूर राहण्याचे शिक्षण असे त्याचे स्वरूप आहे. जुलै २०१८ मध्ये हा उपक्रम राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. एका राज्यातील शाळांच्या पटांगणावर जे रुजले, ते आठ वर्षांत देशाचे झाले.

याहूनही लक्षवेधी उदाहरण 'लिटल काइट्स' या मंडळांचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये राज्यातील माध्यमिक शाळांत माहिती तंत्रज्ञानाची ही विद्यार्थी मंडळे स्थापन झाली. आठवीतील विद्यार्थ्यांची अभिरुची चाचणी घेऊन सभासद निवडले जातात आणि शाळेतीलच दोन शिक्षक मार्गदर्शन करतात. संगणकावर मल्याळम टंकलेखन, ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग, इलेक्ट्रॉनिक्स, छायाचित्रण अशी कौशल्ये मुले येथे शिकतात. वापरले जाणारे सॉफ्टवेअर मुक्त स्वरूपाचे असल्याने परवान्याचा खर्च नाही. शाळेतील प्रयोगशाळा आधीच उभी असते. मुलाने आणावयाचे ते कुतूहल. वेशभूषेच्या खर्चामुळे जी मुलगी नृत्यस्पर्धेपासून दूर राहिली, तिला या दारातून आत येण्यास अडसर नाही.

या मंडळांतून जे साधले त्याचे दोन दाखले पुरेसे आहेत. पहिला दाखला अभ्यासक्रमाचा. मंडळाच्या सभासदांना रोबोटिक्सचे संच देऊन प्रयोग सुरू झाले. हा प्रयोग इतका मानवला, की २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना रोबोटिक्स शिकविण्यास राज्याने प्रारंभ केला. अभ्यासेतर म्हणून जे सुरू झाले तेच अभ्यास झाले. मंडळ ही शाळेची प्रयोगभूमी असते, असे म्हणतात ते अशा अर्थाने.

दुसरा दाखला बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना अधिक जवळचा वाटेल. २०२२ मध्ये या मंडळांतील विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेतील मुलांच्या मातांना सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण दिले. पासवर्ड कसा असावा, ओटीपी कोणालाही का सांगू नये, बनावट संदेश आणि फसवी संकेतस्थळे कशी ओळखावीत, ही माहिती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी आपल्या आयांना वर्गातील बाकांवर बसवून समजावून सांगितली. फसवणुकीपासून सावध करणारे फलक प्रत्येक बँकशाखेत लावलेले असतात आणि संदेशही धाडले जातात. तथापि अनोळखी दूरध्वनी येतो त्या क्षणी फलक जवळ नसतो. जवळ असते ते घरातील मूल. आईने शंका विचारली तर तिला कमीपणा न वाटू देता उत्तर देणारे मूल घरोघरी असणे, ही सुरक्षिततेची मोठीच हमी आहे.

वेळ्ळारमलची शाळा

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कै आणि चूरलमला परिसरावर दरड कोसळली. शेकडो माणसे दगावली. तेथील वेळ्ळारमलच्या सरकारी शाळेची मोठी हानी झाली आणि शाळेने आपले कित्येक विद्यार्थी गमावले. या शाळेतही 'लिटल काइट्स'चे मंडळ होते आणि दुर्घटनेपूर्वी त्याने एक डिजिटल मासिक प्रसिद्ध केले होते. त्याचे नाव 'वेळ्ळारंकल्लुकळ', म्हणजे पांढरे गारगोटे. त्यात एका विद्यार्थिनीची कथा होती. धबधबा पाहण्यास गेलेल्या मुलांना एक पक्षी संकटाची सूचना देतो आणि पळून जाण्यास सांगतो, असा तिचा आशय होता. दुर्घटनेनंतर ती कथा वाचणाऱ्या प्रत्येकाचे मन हेलावले.

त्या कथेला भविष्यवाणी म्हणण्याचे कारण नाही. डोंगरउतारावर राहणारे मूल पावसाची आणि पाण्याची भीती जाणते, आणि लिहिण्याची संधी मिळाली की ती भीती कागदावर उतरते. शाळेच्या मंडळाने ती संधी दिली होती. वर्गातील निबंधाचे विषय शिक्षक देतात. मासिकातील कथेचा विषय मुलाचा स्वतःचा असतो. मुलाच्या मनात काय चालले आहे हे शाळेला कळण्याचा तो एक रस्ता आहे.

पाच महिन्यांनी, जानेवारी २०२५ च्या कलोत्सवाच्या उद्घाटनप्रसंगी, याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी समूहनृत्य सादर केले. विषय होता दुर्घटनेतून पुन्हा उभे राहण्याचा. त्या नृत्याला गुण नव्हते, श्रेणी नव्हती आणि सुवर्णचषकाच्या बेरजेत त्याचा काही हिशेब नव्हता. अनेक दिवसांच्या तालमीने त्या मुलांना एकमेकांजवळ आणले, हाती काम दिले आणि जे बोलता येत नव्हते ते सांगण्याची भाषा दिली. अभ्यासेतर उपक्रमांना 'फावल्या वेळचा विरंगुळा' समजणाऱ्यांनी या घटनेचा अवश्य विचार करावा.

पालकांसाठी थोडेसे

माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच अशा उपक्रमांना शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही अभ्यासक्रमीय आणि अभ्यासेतर असा कडक भेद नसावा, असे स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व जुने आहे. ते प्रत्येक घराने आणि प्रत्येक शाळेने कसे आचरणात आणावे, हाच खरा प्रश्न आहे.

पाल्याला एखाद्या मंडळात घालताना काही साध्या गोष्टी पाहाव्यात. उपक्रमाची निवड मुलाची आहे की आपली अपुरी राहिलेली हौस आहे? बक्षीस मिळाले नाही तरी मूल पुढच्या वर्षी त्याच उत्साहाने जाईल का? वर्षभराचा खर्च किती येईल आणि तो घरच्या अंदाजपत्रकात बसतो का? शेवटचा प्रश्न मुलाशी मोकळेपणाने बोलावा. वेशभूषा भाड्याने घेता येते, दागिने मैत्रिणींत वाटून वापरता येतात. शाळेत वरच्या वर्गाने वापरलेले साहित्य जपून ठेवण्याची पद्धत असेल तर खर्च निम्म्यावर येतो. ऐन स्पर्धेच्या तोंडावर उसनवारी करण्यापेक्षा, जूनपासून दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकणे केव्हाही शहाणपणाचे.

या बचतीत मुलालाही सहभागी करून घ्यावे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये जारी केलेल्या सुधारित सूचनांनुसार, दहा वर्षे पूर्ण झालेल्या अज्ञान मुलास, बँकेने ठरविलेल्या मर्यादा व अटींना अधीन राहून, स्वतःचे बचत वा मुदत ठेव खाते स्वतंत्रपणे उघडता आणि चालविता येते. अशा खात्यात शिल्लक नसताना पैसे काढण्याची मुभा नसते, त्यामुळे कर्जाचा धोका नाही. चित्रकलेच्या रंगांसाठी किंवा सहलीच्या वर्गणीसाठी स्वतः साठविलेली रक्कम मुलाने स्वतः चिठ्ठी भरून काढली, तर पैशाचे मोल त्याला निराळे शिकवावे लागत नाही. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही अशा छोट्या ग्राहकाला प्रौढाइतक्याच आदराने वागवावे. तो अनुभव मुले विसरत नाहीत.

शाळांनाही एक गोष्ट सहज करता येईल. मंडळांची नावे फलकावर असतात, पण सभासदांची यादी वर्षानुवर्षे त्याच चार-सहा हुशार मुलांची असते. वर्गातील प्रत्येक विद्यार्थी किमान एका मंडळात आहे ना, हे मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा हजेरीपट समोर ठेवून पाहावे. ज्याचे नाव कोठेच नाही, त्याला बोलावून काय आवडते ते विचारावे. या कामाला निधी लागत नाही, की शासनाची मंजुरीही लागत नाही. एक दुपार आणि थोडी आस्था एवढे पुरेसे आहे.